चार वर्षांनी ज्युदोची ओढ आटली, आता काय करावं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही 29 वर्षांचे, नोकरी हिंजवडीत, घर कोथरूडला. चार वर्षांपूर्वी ज्युदो सुरू केलं. पहिली दोन वर्षं ऑफिसातून थेट मॅटवर, भर पावसातही दांडी नाही. आता ब्लू बेल्ट मिळून वर्ष झालं आणि ब्राऊनच्या उंबरठ्यावर गाडी अडली आहे. क्लासची वेळ झाली की पाय जड होतात. तीच उकेमी (पडायचा सराव), तीच उचिकोमी (डावात पुन्हा पुन्हा शिरायचा सराव). दीड वर्षापूर्वी आलेला मुलगा रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, तुम्हाला पाडतो. सर फार काही समजावून सांगत नाहीत, ‘अजून कर’ एवढंच म्हणतात. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिली आहे: पूर्वी हमखास बसणारा ओसोतो गारी, समोरच्याचा पाय मागून उडवून त्याला मागे पाडायचा डाव, आता बसत नाही. म्हणून विचारताय की सोडून द्यावं, ब्राझीलियन जिउ-जित्सूकडे वळावं, की मोटिव्हेशन परत आणायचा काही मार्ग आहे. आणि डिसेंबरच्या परीक्षेला बसावं का.

मी 1986 साली, बाराव्या वर्षी मॅटवर पाय ठेवला आणि गेली पंचवीस वर्षं पुण्यात शिकवते आहे. चौथ्या-पाचव्या वर्षाशी येऊन असे थबकलेले कितीतरी जण पाहिले. त्यातले काही सोडून गेले, काही राहिले. गेलेल्यांत माझे फार गुणी विद्यार्थीही होते, त्यामुळे ‘जो सोडतो तो कच्चा’ असं मी कधीच म्हणणार नाही.

माझ्या मते तुमचं मोटिव्हेशन कुठे हरवलेलं नाही, की ते शोधून परत आणावं. ज्या कारणासाठी तुम्ही आलात ते कारण पुरं झालं आहे. नवं कारण अजून तयार व्हायचं आहे. या दोन्हींमधल्या रिकाम्या पट्ट्यात तुम्ही उभे आहात. त्यातच दुसरी एक गोष्ट घडते आहे, ती म्हणजे तुमची नजर तुमच्या हातापायांच्या पुढे गेली आहे. या दोन गोष्टी एकदम आल्या की माणसाला वाटतं, आपण मागे चाललोय.

पहिल्या गोष्टीबद्दल माझं स्वतःचंच सांगते. आमचं घर शुक्रवार पेठेत. मोठा भाऊ पहाटे तालमीत जायचा आणि मी त्याचा डबा द्यायच्या निमित्ताने दारात उभी राहून बघायचे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू पडलेलं, त्याचा तो थंड वास अजून नाकात आहे. तेव्हा मुलींना आत प्रवेश नव्हता. माझ्या शाळेच्या हॉलमध्ये मात्र ज्युदोचा वर्ग निघाला होता. गाद्या अंथरून वर ताडपत्री ताणून बांधलेली, तीच आमची मॅट. मी नाव घातलं ते एकाच कारणासाठी. भावाला एकदा तरी चीत करायचं. दोन वर्षांनी गच्चीवर गादी टाकून मी त्याला ओगोशी या कमरेवरून टाकायच्या डावाने पाडलं. तो हसत उठला, पाठ थोपटली, खाली जाऊन आईला कौतुकानं सांगितलं. त्यानंतरचे पंधरा दिवस मला क्लासला जावंसंच वाटेना. आईला वाटलं अंगात ताप आहे. काय झालं होतं ते मला कळलं नाही, पण आता स्पष्ट दिसतं. ज्यासाठी गेले होते ते मिळालं होतं.

मग पदकं आली. जिल्हा, राज्य, निवड चाचण्या. दहा वर्षं त्या ओढीवर निघाली, आणि ती काही खोटी ओढ नव्हती. पदकासाठी घासताना शरीर जे शिकतं ते दुसऱ्या कशानं शिकत नाही. पण 1997 मध्ये एका स्पर्धेत सकाळच्या लढतीत माझा गुडघा सुजला. संघाबरोबर आलेल्या प्रशिक्षकांनी पुढची लढत खेळायला लावली, मीही नाही म्हटलं नाही, आणि अस्थिबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. पर्वतीच्या 103 पायऱ्या मी शाळेत असताना धावत चढायचे. त्या वर्षी पंधराव्या पायरीशी कठड्याला धरून बसले होते. स्पर्धेचं दार बंद झालं आणि त्याबरोबर मॅटवर जायचं कारणही गेलं.

परत गेले ते सरांनी निरोप धाडला म्हणून. ‘रांदोरी करू नकोस, पाडू नकोस, नुसती पड,’ म्हणाले. ज्युदोत जो पाडतो तो तोरी आणि जो पडतो तो उके. लहान मुलांना डाव शिकताना सावकाश पडून देणारा मोठा उके लागतो. आठ महिने मी तेवढंच केलं. दहा-दहा वर्षांची मुलं मला पाडायची. आणि तिथे, पडता पडता, मला ज्युदो पहिल्यांदा समजलं.

ते कसं, हे नीट सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नाची किल्ली मला त्यातच दिसते. ज्युदोत डावाचे तीन भाग मानतात: कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल ढळवणं, त्सुकुरी म्हणजे आपण डावाच्या जागी बसणं, आणि काके म्हणजे प्रत्यक्ष पाडणं. हे मी बाराव्या वर्षापासून परीक्षेत घडाघडा सांगत आले होते. दहा वर्षं पदकं मिळवताना मला कुझुशी म्हणजे जोरात ओढणं वाटायचं. आठ महिने उके म्हणून उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की एखादं मूल माझ्या गीची, म्हणजे ज्युदोच्या डगल्याची, बाही ओढून ओढून लाल होतं आणि माझा तोल हलत नाही. आणि एखादं चिमुरडं नुसतं एक पाऊल मागे घेतं, आणि मी त्याच्यामागोमाग पुढे गेलेली असते. पाय उचलायच्या आधीच मी गेलेली असते. कुठल्या क्षणी गेले ते मला तळव्यात कळायचं. तोल जाणं ही गोष्ट मी आतून अनुभवत होते. पाडणाऱ्याला ती दुरून, तर्कानेच कळते.

देआशी बराई हा अगदी सुरुवातीला शिकवतात तो डाव घ्या. समोरचा पाऊल पुढे टाकतो, त्या पावलावर वजन येतं न येतं तोच आपल्या तळव्याने ते पाऊल बाजूला सारायचं. बाराव्या वर्षी मला वाटायचं ही लाथ आहे. जोडीदारांच्या घोट्यांवर काळेनिळे डाग असायचे. अठराव्या वर्षी मी पायांकडे बघून वेळ साधायला शिकले. अर्धा वेळ साधायची, अर्धा वेळ उशीर व्हायचा, कारण डोळ्यांना दिसेपर्यंत वजन पडून गेलेलं असतं. गुडघ्यानंतर कळलं की पायांकडे बघायचंच नाही. ज्या हाताने बाही धरली आहे त्या हाताला सांगावा येतो. वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना बाही क्षणभर हलकी होते. चाळिशीत आणखी एक गोष्ट उलगडली, की त्या पावलाची वाट बघायची गरज नाही, ते मीच टाकायला लावू शकते. मी अर्धं पाऊल मागे आणि किंचित बाजूला सरले की समोरच्याला पाऊल टाकावंच लागतं, आणि ते कधी पडणार हे त्याच्या आधी मला माहीत असतं. डाव तोच. नाव तेच, पट्टा लागायच्या आधी शिकलेला. चार वेळा मला तो नवा वाटला, आणि चारही वेळा त्या नवेपणाने पुढची काही वर्षं मला मॅटवर ओढून नेलं.

म्हणून मी तुम्हाला सांगते, मोटिव्हेशनच्या मागे लागू नका. सुरुवातीची ओढ बाहेरून येते: वजन कमी करायचं असतं, कुणी रस्त्यात छेडलेलं असतं, भावाला पाडायचं असतं, पट्टा हवा असतो. ती ओढ दारापर्यंत आणते आणि दोन-चार वर्षं पुरते. त्यापुढची ओढ समजण्यातून येते, आणि समज जुन्याच गोष्टीत खोल गेल्यावर मिळते. मला तरी ती नवीन गोष्टी गोळा करून कधी मिळाली नाही.

ज्युदो ज्यांनी घडवलं त्यांचाही प्रवास असाच आहे. जिगोरो कानो यांचा जन्म 1860 चा. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगी मुलं त्रास द्यायची, म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी झुंजविद्या शिकायचं मनात आलं. 1877 मध्ये तोक्यो विद्यापीठात असताना त्यांना फुकुदा हाचिनोसुके हे गुरू मिळाले. एकदा फुकुदांनी त्यांना एका डावाने पाडलं. कानोंनी विचारलं, हात कसा ठेवायचा, पाय कुठे? फुकुदांनी उत्तर म्हणून पुन्हा पाडलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पाडलं. तुमच्या सरांचं ‘अजून कर’ वाचून मला हेच आठवलं. आपल्या तालमीतही नव्या पोराला वस्ताद आधी हौदाची माती उकरायला लावतात. डाव कितीतरी नंतर येतो.

पण पुढचं ऐका, कारण गोष्ट तिथे थांबत नाही. त्या तालमीत फुकुशिमा नावाचा एक धिप्पाड शिष्य होता आणि तो काही केल्या कानोंकडून पडेना. कानोंनी आधी सुमोचे डाव वापरून पाहिले, ते चालले नाहीत. मग वाचनालयात जाऊन परदेशी कुस्तीची पुस्तकं चाळली, आणि त्यातून माणसाला आडवं खांद्यांवर उचलायचा काता गुरुमा बसवला. (माझ्या भावाने तो पाहिला तेव्हा म्हणाला, ‘अगं ही तर आमची कलाजंग!’ सेओई नागे पाहून ‘हा धोबीपछाड’ म्हणाला होता.) फुकुशिमा पडला. तोवर ‘याला पाडायचंय’ या हट्टाचं ‘मोठा माणूस पडतो कसा’ या प्रश्नात रूपांतर झालेलं होतं. 1882 मध्ये कानोंनी एइशोजी मंदिरात, बारा चटयांच्या जागेत, नऊ शिष्यांना घेऊन कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. आणि ‘शक्तीचा उत्तम वापर’ आणि ‘परस्परांचं कल्याण’ ही जी दोन सूत्रं आज कितीतरी ज्युदो हॉलच्या भिंतींवर दिसतात, ती त्यांनी 1922 च्या सुमारास या रूपात मांडली. म्हणजे चाळीस वर्षांनी. दांडग्या मुलांपासून वाचायला निघालेला मुलगा साठीत तिथे पोचला. त्याला सुरुवातीलाच कुणी ही सूत्रं सांगितली असती तर ती त्याच्या कामाची नव्हती.

आता दुसरी गोष्ट, तुमचा बिघडलेला ओसोतो गारी. मी तुमचा खेळ पाहिलेला नाही, त्यामुळे हे अंदाजाने लिहिते आहे, पण हा अंदाज बऱ्याचदा खरा ठरलाय. पहिल्या दोन वर्षांत तुम्ही बेधडक आत शिरायचात. समोरचेही नवे होते, ते पडायचे. आता तुमच्या हाताला समोरच्याचा तोल थोडा थोडा जाणवू लागला आहे. आत शिरता शिरता अर्ध्यावर तुम्हाला कळतं की हा अजून मागे झुकलेला नाही, आणि तुम्ही तिथेच अडखळता. ओसोतोमध्ये अर्ध्यावर थांबण्याइतकं वाईट काही नाही. तुम्ही एका पायावर, छातीला छाती लागलेली, आणि समोरचा त्याच डावाने तुम्हाला उलटा पाडतो. तुम्हाला पाडणाऱ्या त्या मुलाला अजून हे काही जाणवतच नाही, त्यामुळे तो थांबत नाही. दोन वर्षांनी त्याचाही ओसोतो असाच बिघडेल.

हे मागे जाणं नाही. पूर्वी तुम्हाला चूक दिसतच नव्हती, आता ती घडताना दिसते, फक्त दुरुस्त करायला शरीर अजून पुरेसं चपळ झालेलं नाही. गाणं शिकणाऱ्या मैत्रिणीने मला सांगितलं होतं की कान तयार झाला की काही महिने स्वतःचा सूर ऐकवत नाही. तसंच हे. हा काळ कंटाळवाणा असतो असं लोक म्हणतात, पण नीट पाहिलंत तर तो कंटाळ्यापेक्षा शरमेचा जास्त असतो. ‘चार वर्षं करून हे?’ ही शरम क्लासच्या वेळी पाय जड करते. ती ओळखली की तिचं निम्मं ओझं उतरतं, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत फार वेळा पाहिलं आहे.

आणि हे नेमकं ब्लू-ब्राऊनच्या आसपास का होतं? त्यात पट्ट्यांचाही हात आहे. कानोंनी काळा पट्टा आणला, रंगीबेरंगी पट्ट्यांची शिडी नंतर युरोपात रुळली. लहान मुलांसाठी ती चांगलीच आहे, दर पाच-सहा महिन्यांनी एक नवा रंग मिळतो आणि मूल टिकतं. पण वर जाता जाता पायऱ्यांमधलं अंतर वाढतं. ब्राऊनपासून ब्लॅकपर्यंत वर्षं जातात, आणि ब्लॅकनंतर तर रंगच संपतात. पहिल्या काळ्या पट्ट्याला जपानी भाषेत ‘शोदान’ म्हणतात, त्यातल्या ‘शो’चा अर्थ आरंभ. ज्याची सगळी ओढ रंगावर टांगलेली असते तो इथे हवेत लटकतो.

रंग संपल्यावर माणूस कशावर चालतो याचा विचार करते तेव्हा मला केइको फुकुदा आठवतात. कानोंना पाडून पाडून शिकवणाऱ्या त्याच फुकुदा गुरूंची ही नात. उंची पाच फुटांच्याही आतली. 1935 मध्ये त्या कानोंच्या महिला वर्गात आल्या. तेव्हा बायकांना पाचव्या ‘दान’च्या, म्हणजे काळ्या पट्ट्यातल्या पाचव्या पायरीच्या, वर जायची मुभाच नव्हती, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं तिथेच थांबल्या. नियम बदलला आणि 1972 मध्ये त्यांना सहावा दान मिळाला. कोदोकानने नववा दान दिला 2006 मध्ये. 2013 मध्ये, 99 व्या वर्षी त्या गेल्या. नव्वदी उलटल्यावरही सॅन फ्रान्सिस्कोत शिकवत होत्या. त्यांचा खास विषय ‘जु नो काता’; काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने जोडीनं करायच्या हालचाली. या कातामध्ये पाडापाडी नाही, दोघं जण सावकाश एकमेकांचा तोल घेतात आणि सोडतात, साध्या कपड्यांतही करता येतो. विसाव्या वर्षी मला तो बघवत नसे. आज आठवड्यातून एकदा मी आणि माझी जुनी सहकारी पहाटे हॉल उघडून तेवढाच करतो, आणि तो तास मी कशासाठीही सोडत नाही.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, म्हणजे ही बाई ‘टिकून राहा’ एवढंच सांगते आहे. तसं नाही, कारण बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ती मला दिसत नाही. हिंजवडीहून कोथरूडला यायला तुम्हाला किती वेळ लागतो, झोप किती होते, हे आधी बघा. दीड तास गाडीत बसून आलेल्या माणसाची ओढ कमी झाली नसून तो निव्वळ दमलेला असू शकतो, अशा वेळी आठवड्याचे चार दिवस तीनवर आणले की आठवड्याभरात फरक कळतो. तुम्हाला पाडणारा मुलगा तुमच्यापेक्षा पंधरा किलोने जड असेल तर माझं वरचं अर्धं विश्लेषण बाजूला ठेवा, ज्युदोत वजनगट उगाच नाहीत. ज्युदोच नव्हे, जेवण, मित्र, टेकडीवर जाणं, आवडती गाणी, सगळंच फिकं वाटत असेल, तर प्रश्न मॅटचा नाही; डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला आणि ज्युदोचा निर्णय तोवर लांबवा. आणि सर कमी बोलतात हे ठीक, पण ते अपमान करत असतील, दुखापत असताना खेळायला लावत असतील, तर क्लास बदला आणि लगेच बदला. माझ्या गुडघ्याची किंमत मी अजून जिना उतरताना मोजते. ‘सहन केलं म्हणून घडलो’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

यातलं काही नसेल, तर मला तुमच्याकडून तीन महिने हवे आहेत. संपूर्ण ज्युदो सुधारायला जाऊ नका. एक डाव निवडा. मी ओसोतो निवडणार नाही, त्याच्याशी सध्या तुमचं मन दुखावलेलं आहे. देआशी बराई घ्या. रांदोरीत हरायचं की जिंकायचं याचा हिशेब तीन महिने बंद. त्याऐवजी, दर वेळी बाही हलकी झाली ती तुम्हाला हाताला कळली का, एवढंच लक्षात ठेवा. पाय मारला की नाही, तो बसला की नाही, हे नंतरचं. सुरुवातीला एका संध्याकाळी एखाद्या वेळी कळेल. कधी अजिबात नाही. घरी गेल्यावर वहीत एक ओळ लिहा, एकच. माझ्या जुन्या वह्यांत पानंच्या पानं ‘आज काही कळलं नाही’ असं आहे, आणि मधेच एखाद्या दिवशी ‘डावा हात!’ एवढेच दोन शब्द. ते दोन शब्द कशाबद्दल होते हे मला आजही आठवतं.

आणि सरांना जाऊन सांगा की आठवड्यातून एक दिवस मला खालच्या बेल्टच्या मुलांचा उके व्हायचंय. बहुतेक सर आनंदाने हो म्हणतात, चांगला उके नेहमीच कमी असतो. पडताना घाई करू नका, मुद्दाम अडवूही नका. त्याने तोल घेतला तर पडायचं, नाही घेतला तर उभं राहायचं, प्रामाणिकपणे. तुमच्या ओसोतोचं उत्तर मला खात्री आहे तुम्हाला तिथे मिळेल, एखाद्या ऑरेंज बेल्टने तुम्हाला बरोबर पाडल्यावर.

तुम्हाला कंटाळा आलेली उकेमीसुद्धा या नजरेने एकदा करून बघा. मी बाराव्या वर्षी ती भीती जावी म्हणून केली, विशीत वॉर्म-अप म्हणून उरकली. आता आमच्याकडे साठीच्या पुढच्या काही मावश्या-काका येतात, त्यांना मी फक्त पडायला शिकवते. हनुवटी छातीशी, हात पसरून थाप, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एक मावशी ओल्या जिन्यावरून घसरल्या आणि चार दिवसांनी क्लासला येऊन दंडावरचा हिरवा-निळा डाग दाखवत होत्या. डोक्याला काही लागलं नव्हतं. तो डाग पाहिल्यापासून मी स्वतः उकेमी पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली आहे, सावकाश, प्रत्येक बाजूने.

आता ब्राझीलियन जिउ-जित्सूबद्दल थोडक्यात. जाऊन बघा, त्यात गैर काही नाही. ते ज्युदोच्याच घरातून निघालेलं आहे: कोदोकानचे मित्सुयो माएदा 1914 मध्ये ब्राझीलला पोचले, पुढे कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले, आणि तिथून ती शाखा वाढली. जमिनीवरचा खेळ तुम्हाला मनापासून ओढत असेल तर तुमची चार वर्षं फुकट जाणार नाहीत, उलट उभ्याने तुम्ही तिथे सगळ्यांच्या पुढे असाल. फक्त एक प्रश्न स्वतःला विचारा: तिकडचं काही बोलावतंय, की इकडची शरम टाळायची आहे? दुसरं असेल तर ब्लू बेल्टच्या सुमाराला तीच शरम तिथेही भेटेल. तिथेही ब्लू बेल्टलाच सर्वांत जास्त लोक सोडतात, असं तिकडचे शिक्षक स्वतःच सांगतात.

तीन महिन्यांनीही काहीच हललं नाही, तर सोडा. सरांना भेटून, नमस्कार करून, सांगून सोडा. मेसेज बंद करून गायब होऊ नका, कारण तसं गेलेल्यांना परत यायची लाज वाटते. माझा एक विद्यार्थी दहावीला सोडून गेला आणि 31 व्या वर्षी मुलीला घेऊन परत आला. आता मुलगी यलो बेल्ट आहे आणि तो तिचा उके.

राहिली डिसेंबरची परीक्षा. सर बसा म्हणाले तर बसा, नाही म्हणाले तर वाट बघा, पण ती मोटिव्हेशनचा इलाज म्हणून देऊ नका. नवा रंग दीड-दोन महिने पुरेल आणि जानेवारीत तुम्ही मला हाच प्रश्न पुन्हा विचाराल. जोडीदार तुमच्याच वजनाचा ठरवा आणि त्याच्याबरोबर आतापासून सराव सुरू करा, ऐन वेळी मिळालेल्या उकेबरोबर चांगले चांगले अडतात. आणि देआशी डावीकडूनही तयार ठेवा. मी परीक्षक असते तेव्हा डावी बाजू हमखास करायला सांगते.